डाव कोणाचा, नाल कोणाची?
तीन पत्तीचा प्रवास आणि खान्देशची आखाजी

जुगाराचा सण म्हटला की उर्वरित महाराष्ट्राला दिवाळी आठवते. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणण्याची रीत जुनी आहे आणि त्या दिवशी शिव-पार्वती सोंगट्या खेळल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. खान्देशात मात्र पत्त्यांचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांत वैशाखाच्या त्या उन्हात लिंबाखाली, पारावर, खळ्यावर, गोठ्याच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या जातात आणि एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी डावाला बसतो. काही जण ‘अक्षय्य’ या शब्दाचा संबंध ‘अक्ष’ म्हणजे फाशाशी लावतात. तसा काही संबंध नाही. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षय्य, इतकाच त्याचा अर्थ.

मग आखाजीला पत्ते का? उत्तर शब्दकोशात नाही, शेतात आहे. आखाजीला शेत मोकळे असते. कापूस विकून झालेला असतो, पेरणीला अवकाश असतो. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला सुरू होते. जुना हिशेब मिटतो, नवा करार ठरतो, उचल हातात पडते. लेकी माहेरी आलेल्या असतात, पितरांच्या नावाने घागर भरलेली असते, घरात आमरस आणि पुरणपोळी असते. हातात वेळ, खिशात रोकड आणि भोवती भाऊबंद, या तिन्ही गोष्टी वर्षातून एकदाच अशा एकत्र येतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर जे लिहिले ते झोक्यावरच्या माहेरवाशिणीच्या बाजूने. त्याच दिवशी पुरुष मात्र सतरंजीवर असतात.

या लेखात त्या सतरंजीवरच्या मुख्य खेळाचा, तीन पत्तीचा, मागोवा घ्यायचा आहे. त्यासाठी एक शब्द आधीच समजून घेऊ, कारण पुढचे सगळे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे. तो शब्द ‘नाल’. घोड्याच्या टापेची नव्हे. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपली म्हणून जी रक्कम काढून घेतो, ती नाल. तो खेळत नाही, हरत नाही. जागा देतो, पत्ते देतो, चहा देतो आणि नाल काढतो.

गोल पत्ते, चौकोनी पत्ते

आपल्याकडे पत्ते इंग्रजांनी आणले हा समज अर्धाच खरा आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात सापडते. अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचे वर्णन केले आहे. मोगल गंजिफांचा रूढ संच ९६ पानांचा, म्हणजे आठ रंग आणि प्रत्येकात बारा पाने. पाने गोल, हाताने रंगवलेली. त्यात राणी नाही. राजा, त्याचा प्रधान आणि एक ते दहा आकडे. महाराष्ट्रात हा संच दशावतारी झाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२० पाने. सावंतवाडीच्या चितारींनी ही कला जपली आणि १९७० नंतर तिथल्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, तिला पुन्हा उभारी दिली.

गंजिफा हा हात करण्याचा खेळ आहे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. कोणती पाने उतरून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय तो खेळताच येत नाही. त्यामुळे तो स्मरणशक्तीच्या माणसांचा खेळ राहिला.

बावन्न पानांचा चौकोनी संच युरोपियनांबरोबर आला. त्याचे चार रंग मूळचे फ्रान्सचे. तेच इंग्लंडने उचलले आणि तिथून ते जगभर गेले. आपण त्यांतल्या दोन रंगांना दिसतील तशी नावे दिली. बदामासारखा दिसतो तो बदाम, दाराच्या चौकटीसारखा दिसतो तो चौकट. इस्पिक आणि किलवर ही नावे बाहेरून आली आणि जिभेवर घासून मराठी झाली. एकोणिसाव्या शतकात पत्ते यंत्रावर छापले जाऊ लागले आणि संच स्वस्त झाला. चिताऱ्याकडून महिनोन्‌महिने रंगवून घ्यायची वस्तू किराणा दुकानात मिळू लागली. पत्ते खेड्यात पोहोचले ते असे.

तीन पानांचे कूळ

तीन पत्तीचा उगम महाभारतात शोधणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. महाभारतातला खेळ फाशांचा आहे. तीन पत्तीचे कूळ इंग्लंडच्या ‘ब्रॅग’ या खेळात आहे. पत्त्यांच्या नियमांसाठी ज्याचे नाव आजही घेतले जाते त्या एडमंड हॉइलने १७५१ साली ब्रॅगवर छोटी पुस्तिका लिहिली. ब्रॅगचे तीन पानी रूप आणि आपली तीन पत्ती शेजारी ठेवून पाहिली तर नाते लपत नाही. दोन्हींत तीनच पाने. दोन्हींत हातांचा चढता क्रम तोच: मोठे पान, जोडी, कलर, सिक्वेन्स, त्याच कलरचा सिक्वेन्स आणि सगळ्यांवर तीन सारखी पाने, म्हणजे आपली ट्रेल. दोन्हींत पाने न बघता ब्लाइंड खेळण्याची मुभा आणि दोन्हींत ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्मे पैसे. इतक्या गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत.

फरकही बोलके आहेत. ब्रॅगमध्ये सर्वांत मोठा हात तीन तिऱ्यांचा. आपल्याकडे तिर्रीला एवढा मान पचला नाही, तीन एक्के वर गेले. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री हा सर्वांत मोठा सिक्वेन्स. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक्का-राजा-राणी पहिला आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा. पण काही सतरंज्यांवर अजूनही एक्का-दुर्री-तिर्रीच मोठा धरतात. डाव सुरू होण्याआधी हे ठरवून घेतले नाही तर भांडण ठरलेले. ते भांडण म्हणजे ब्रॅगचा उरलेला अवशेष आहे, हे भांडणाऱ्यांना ठाऊक नसते.

नावांचा पसारा मोठा आहे. फ्लश, तीन पत्ती, तीन पानी. मराठवाड्यातल्या बातम्यांत तिर्रट, खान्देशातल्या बातम्यांत झन्ना मन्ना, विदर्भातल्या बातम्यांत कटपत्ता आणि एक्का बादशाह. नाव सतरंजीगणिक बदलते, कधी नियमही बदलतात. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र सगळ्यांचा शेवट एकच असतो: बावन्न पत्ते आणि रोख रक्कम.

बावीस हजार शंभर हात

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे हातात येऊ शकतात. त्यांतले १६,४४० हात रिकामे असतात, नुसते मोठे पान. ३,७४४ जोड्या, १,०९६ कलर, ७२० सिक्वेन्स, ४८ प्युअर सिक्वेन्स आणि ५२ ट्रेल. म्हणजे चार हातांत तीन रिकामे. ट्रेल सरासरी ४२५ हातांत एकदा, तर तीन एक्के ५,५२५ हातांत एकदा.

हे आकडे बघितले की दोन गोष्टी उलगडतात. पोकरमध्ये कलर हा सिक्वेन्सपेक्षा मोठा असतो आणि तीन पत्तीत लहान. कारण पाच पानांत कलर दुर्मीळ, तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ. क्रम कोणी मनाने ठरवलेला नाही, तो मोजणीतून आला आहे. गंमत म्हणजे याच मोजणीने पाहिले तर प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही किंचित दुर्मीळ आहे. तिथे मोजणीपेक्षा रूढी जिंकली.

दुसरी गोष्ट अशी की चारांत तीन हात रिकामे असल्यामुळे साध्या तीन पत्तीत शहाणा माणूस बहुतेक वेळा पाने टाकून देतो. एक-दोन चालींत डाव संपतो, पैसा फार साचत नाही. खेळ रटाळ वाटू लागतो आणि मग निघतात प्रकार.

मुफलिस म्हणजे कंगाल. या प्रकारात सर्वांत लहान हात जिंकतो. जोकरच्या डावात एक पान उघडून त्या आकड्याची सगळी पाने जोकर धरतात. ९९९ मध्ये पानांचे आकडे जुळवून ९९९ च्या सर्वांत जवळ जायचे. एके-४७ मध्ये एक्का, राजा, चौकी आणि सत्ती ही सगळी पाने जोकर. बावन्नांत सोळा जोकर! गणित केले तर २२,१०० पैकी फक्त ७,१४० हातांत एकही जोकर नसतो. म्हणजे तीनपैकी दोघांच्या हातात निदान जोडी असतेच. आधी चारांत एकाला काहीतरी लागत होते, आता तीनांत दोघांहून जास्त जणांना लागते. प्रत्येकाला आपला हात भारी वाटतो, कोणी पाने टाकत नाही, चाल वाढत जाते आणि मधला ढीग फुगतो.

घरच्या डावात यात मौज आहे. पण नाल जर ढिगाच्या टक्क्याने निघत असेल, तर ढीग फुगण्यात फायदा कोणाचा? अड्ड्यावर असे प्रकार का चालतात याचे उत्तर याच प्रश्नात आहे.

नालेचा जुना कायदा

नाल ही आजची गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालावा, फासे त्यानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शंभराला पाच त्याने घ्यावेत, असे तिथे सांगितले आहे. राज्याने काढलेली ती पाच टक्के नाल.

आता एक काल्पनिक हिशेब करू. आठ जण प्रत्येकी २,००० रुपये घेऊन बसले. सतरंजीवर एकूण १६,००० रुपये. एका डावाचा ढीग सरासरी ४०० रुपयांचा आणि नाल कौटिल्याचीच, पाच टक्के, म्हणजे डावाला २० रुपये. तासाला वीस डाव झाले तर तासाला ४०० रुपये बाहेर गेले. दहा तासांत ४,०००. सतरंजीवरच्या पैशातला चौथा हिस्सा एकही डाव न खेळलेल्या माणसाकडे गेला. रात्र संपल्यावर आठही जण एकमेकांकडे बघतात, ‘जिंकलं तरी कोण?’ म्हणतात आणि उत्तर सापडत नाही.

ब्रिटिश काळातला, आजही पोलीस ज्याच्या आधारे गुन्हा नोंदवतात तो १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा हे नीट ओळखून होता. जागेचा मालक किंवा चालक स्वतःच्या नफ्यासाठी जिथे खेळ चालवतो, तो त्याच्या दृष्टीने जुगाराचा अड्डा. अड्डा चालवणे हा एक गुन्हा, तिथे सापडणे हा दुसरा आणि रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी पैशाने खेळणे हा तिसरा. बातम्यांत ‘कलम १२ (अ)’ म्हणून येते ते हे तिसरे. पारावरचा डाव त्यात येतो. ‘आखाजीला सूट असते’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण सणाला सूट देणारे कलम त्या कायद्यात नाही.

निव्वळ कौशल्याच्या खेळाला मात्र हा कायदा लागू होत नाही. कौशल्य कुठले आणि नशीब कुठले, हा प्रश्न सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९६७ सालच्या त्या निकालात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण त्यात पाने लक्षात ठेवावी लागतात, धरण्या-टाकण्याचा विचार करावा लागतो. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाचा उल्लेख ‘फ्लश’ आणि ‘ब्रॅग’ या दोन्ही नावांनी आहे आणि तो निव्वळ नशिबाचा ठरवला आहे. तीन पत्तीचे कूळ सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर असे नोंदले गेले. पण त्या निकालातला आणखी एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. रमी असली तरी, क्लबचा चालक पैजेच्या खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे शेवटी प्रश्न नालेचाच.

घर स्वतः खेळायला बसते तेव्हा

अड्ड्याचा मालक खेळत नाही. कॅसिनोत तो स्वतः समोर बसतो आणि नाल बक्षिसाच्या दरातच लपवतो. गोव्यात जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला आणि १९९६ नंतर पाण्यावरच्या जहाजांत कॅसिनोला वाट मिळाली. महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

मांडवीतल्या या जहाजांवर अंदर-बाहर हा आपलाच खेळ मानाने मांडलेला असतो. तो अगदी सोपा आहे. एक पान उघडायचे. मग एक पान आत, एक बाहेर अशी पाने टाकत जायचे. उघडलेल्या पानाच्या आकड्याचे पान ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली. बघणाऱ्याला वाटते, निम्मी-निम्मी संधी.

तशी ती नाही. उरलेल्या ५१ पानांत जुळणारी पाने तीन. त्यांच्या जागा २०,८२५ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी १०,७२५ प्रकारांत जिथून वाटप सुरू झाले ती बाजू जिंकते आणि १०,१०० प्रकारांत दुसरी. म्हणजे ५१.५ विरुद्ध ४८.५. म्हणून पहिल्या बाजूला शंभराला नव्वदच देण्याची पद्धत आहे. हिशेब केला तर पहिल्या बाजूवर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी सव्वादोन रुपयांच्या आसपास घराकडे जातात. दुसऱ्या बाजूला बरोबरीने पैसे मिळाले तरी तीन रुपये जातात. दोन-तीन रुपये किरकोळ वाटतात. पण डाव मिनिटभरात संपतो. शंभर रुपयांचे साठ डाव म्हणजे तासाला सहा हजारांची उलाढाल आणि १३० ते १८० रुपयांची नाल, जी कोणी काढताना दिसत नाही.

तीन पत्तीचेही असेच झाले. ब्रॅगवरूनच डेरेक वेब या इंग्रजाने १९९४ साली ‘थ्री कार्ड पोकर’ बनवला. त्यात खेळाडू एकमेकांशी खेळत नाहीत, प्रत्येक जण घराशी खेळतो. समोरच्याचा चेहरा वाचणे नाही, ब्लाइंडची हुलकावणी नाही. तीन पाने राहिली आणि तीन पत्तीतले माणसामाणसांतले जे काही होते ते काढून टाकले.

लहान खिसा, मोठा खिसा

नाल नसली की डाव निर्धोक, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. इथे गणिताचा एक जुना आणि कठोर नियम आहे. दोघे खेळतात. डाव पूर्ण बरोबरीचा, लबाडी नाही, नाल नाही. एकाकडे २,००० रुपये, दुसऱ्याकडे २०,०००. दर डावाची पैज सारखीच. एक जण पूर्ण रिकामा होईपर्यंत खेळायचे ठरले, तर अकरांपैकी दहा वेळा रिकामा होतो तो दोन हजारवालाच. तो वाईट खेळला म्हणून नव्हे. वाईट दिवस सोसण्यापुरते त्याच्याकडे नव्हते म्हणून.

आखाजीच्या सतरंजीवर सालदार आणि त्याचा शेतमालक कधी कधी शेजारी बसतात. एकाच्या हातात वर्षाची उचल, दुसऱ्याच्या हातात कापसाच्या पैशातला एक तुकडा. पाने दोघांना सारखी लागतात, पण डाव सारखा नसतो. सालदाराची उचल गेली तर त्याचे पुढचे वर्ष आधीच खर्च झाले. साल त्याला राबावेच लागते. घरी किराणा उधार येतो आणि त्याचा हिशेब बायकोला द्यावा लागतो. समोर कॅसिनो असेल तर दुसरा खिसा व्यवहारात अथांग. तिथे अकरांत एकदाची आशाही उरत नाही.

त्या नियमातली अट मात्र नीट वाचली पाहिजे: ‘एक जण रिकामा होईपर्यंत’. जुन्या आखाजीत सणाचीच एक मर्यादा होती. दिवस मावळला की सतरंजी गुंडाळायची आणि दुसऱ्या दिवशी नवे साल सुरू. डाव ठरल्या वेळी संपला तर लहान खिसा बऱ्याचदा वाचतो. सणाने घातलेली ही मर्यादा हेच गरिबाचे संरक्षण होते.

मोबाइलने नेमकी तीच मर्यादा काढली. तीन पत्ती आणि रमी पडद्यावर आल्या तेव्हा आखाजी वर्षाचे ३६५ दिवस झाली. अंधार पडत नाही, पत्ते पिसायला वेळ लागत नाही, शेजारचा ‘बास आता’ म्हणत नाही आणि नाल खात्यातून परस्पर वळती होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा जुना भेदही बाजूला ठेवला. कायदा किती पोहोचेल हे पुढची वर्षे सांगतील. बंदीनंतर आडवाटा निघतात, हे १८८७ पासूनचा अनुभव सांगतो.

पत्त्यांचा संच स्वतः निर्दोष आहे. त्याच बावन्न पानांत मेंढीकोट आहे, सात-आठ आहे, पोरांची गाढवगाढवी आहे. पैशाची सतरंजी पुढे आली की मात्र बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नाल कोण काढतो, समोरच्याचा खिसा माझ्या किती पट आहे आणि डाव किती वाजता संपणार. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नीट मिळाले नाही, तर आमरसाची वाटी घेऊन झोक्याकडे जावे. तिथे माहेरवाशिणी वर्षभराने गात असतात आणि त्या गाण्यावर कोणी नाल काढत नाही.